भाकरी थापल्याचा आवाज

"मॅडम, पोरीला धारवाडला ठेवू की नको, तेवढं सांगा."

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पोरीचे आठ वर्षांचे रिपोर्ट, वर्षावार रबर लावून बांधलेले. पोरगी शेजारी बसून खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. गाव खानापूर तालुक्यातलं. दोन एकर भात आणि रताळी, वडील बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. पोरगी रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते, पीयूसीचं दुसरं वर्ष, म्हणजे बारावी. पुढं धारवाडच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी करायचं तिच्या मनात आहे. आणि नवव्या वर्षापासून तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे रोज इन्सुलिनच्या सुया.

"आजार तिचा तिला सांभाळता येईल का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच आईवडील येतात. निपाणीकडची एक आई मुलाच्या फिटच्या गोळ्यांबद्दल विचारते. चिकोडीकडचे एक वडील सांगतात, गुऱ्हाळं सुरू झाली की धुरानं पोराचा दमा उसळतो, तरी पंप खिशात ठेवायला तो लाजतो. आजार वेगळे, धास्ती एकच. म्हणून ही एक हकिगत सविस्तर लिहिते. मायलेकींना विचारून लिहितेय. नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं कुणी किती युनिट इन्सुलिन घ्यायचं हे इथं कुठंच सापडणार नाही.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं ते धारवाडसाठी नव्हे, एका वहीसाठी. घरी बोटाला टोचून बघितलेल्या साखरेचे आकडे पोरगी त्या वहीत लिहायची. एचबीएवनसी म्हणून एक रक्ततपासणी असते, गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी राहिली याचा अंदाज देणारी. ती वर्षभरापूर्वी ७.६ टक्के होती, आता १०.८ आली होती. वहीत मात्र सगळं छान. १२०, १३५, ११०, १४०. वही हातात घेतल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकाच पेननं, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. आणि प्रत्येक आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपणारा. साखर बघायचं मशीन असे आकडे देत नाही. ते १३७ दाखवतं, २११ दाखवतं, ६८ दाखवतं. वही खरी असती तर ती तपासणी सहा-सव्वासहाच्या आसपास यायला हवी होती.

वहीबद्दल मी आईसमोर काही बोलले नाही. "ताई, अर्धा तास बाहेर बसता का? तिच्याशी एकटीशी बोलायचंय," म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. "तिला काय सांगता येतंय? सगळं मलाच ठाऊक आहे की." तरी त्या उठल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दर वेळी थोडा वेळ एकट्यानं भेटायलाच हवं, समुपदेशकानं आणि डॉक्टरांनीही, असं माझं ठाम मत आहे. आठ वर्षं जिच्या आजाराबद्दल प्रत्येक प्रश्नाला आईनंच उत्तर दिलंय, ती धारवाडच्या डॉक्टरांपुढं एकदम कशी बोलणार?

पोरगी बराच वेळ गप्प होती. मी वही तिच्यापुढं ठेवून विचारलं, "ही लिहायला किती वेळ लागतो गं?"

"रविवारी दहा मिनिटं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते. "सकाळी आई चुलीपुढं असते. मी बोटाला सुई टोचली की आतूनच विचारते, किती आली? आणि भाकरी थापल्याचा आवाज थांबतो. एकशे वीस म्हटलं की परत सुरू होतो. दोनशेच्या वर सांगितलं की सुरूच होत नाही. मग काय खाल्लीस, कुठं खाल्लीस, कुणी दिलं. मग आज्जी सुरू करते. मला सातची बस असते मॅडम."

दुपारचं इन्सुलिन ती घेतच नव्हती. कॉलेजात कुणालाच तिच्या आजाराची कल्पना नव्हती, आणि वर्गात इन्सुलिनचं पेन, म्हणजे सुई लावलेलं पेनासारखं साधन, काढायचं नाही असं घरचं बजावणं होतं. राहिलं स्वच्छतागृह. तिथं दाराला कडी नाही, पेन ठेवायला कोरडी जागा नाही. मग कधी डबा न खाताच दिवस काढायची, कधी मैत्रिणींबरोबर खायची आणि सुई टाळायची. चारला घरी आली की भुकेनं जे दिसेल ते. साखर तपासायच्या मशीनच्या पट्ट्याही ती वाचवत होती. "एक पट्टी पंधरा-वीस रुपयांची. पप्पांचा ओव्हरटाइम त्यातच जातो," म्हणाली. म्हणजे १०.८ चा अर्थ पोरगी बेफिकीर झाली असा नव्हता. तिला सुई घ्यायला जागा नव्हती आणि खरा आकडा सांगायलाही जागा नव्हती.

इथं आईवडिलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. वयात येताना अंगातली संप्रेरकं बदलतात आणि तेवढ्याच इन्सुलिनचा उपयोग कमी होतो. बऱ्याच मुलींची साखर पाळीच्या आधीच्या दिवसांत चढते. सर्दी-तापात चढते, परीक्षेच्या ताणानंही चढते. तेव्हा २४० दिसलं की पोरानं काहीतरी चोरून खाल्लंच असणार, हे खरं नसतं. आणि खाल्लं असलं तरी तो आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. पुढं काय करायचं ते सांगायला तो असतो. त्याच्यावर रागावलात की मूल आकडा बदलतं, साखर तशीच राहते.

आईला मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं का? नाही. सांगून उपयोग झाला नसता. त्या एवढ्या का धरून बसल्यात हे मला अजून कळलं नव्हतं. ते कळलं तिसऱ्या भेटीत.

पोरगी आठवीत असताना गावची लक्ष्मी यात्रा होती. आमच्या भागातली यात्रा म्हणजे घरात पन्नास-साठ पाहुणे. त्यात नात्यातल्या एका माणसानं एक चूर्ण आणून दिलं. महिन्याभरात सुया बंद होतील म्हणाला. आज्जीचा आधीपासून आग्रह होता की इन्सुलिनची सवय लागते, पोरीच्या जातीला हे बरं नव्हे, उद्या लग्नाचं बघताना काय सांगायचं. आईनं दोन दिवस सुया बंद ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास जोरजोरात चालायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती अर्धवट शुद्धीत होती. अतिदक्षता विभागात चार दिवस.

"मी माझ्या हातानं बंद केलं होतं मॅडम," आई म्हणाल्या. त्या दिवसापासून एकही सुई त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिली नव्हती. दुपारची तेवढी पोरीच्या हातात होती, आणि त्याच सुईचा घोटाळा झाला होता.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाऊन तो होत नाही, आईनं काही चुकीचं केलं म्हणून होत नाही. इन्सुलिन हे तिथं औषध कमी आणि अन्नपाण्यासारखी गरज जास्त, त्याची सवय लागत नाही. आज्जींनाही मी एकदा बोलावून घेतलं. त्यांना सांगितलं की १९२२ साली टोरांटोमध्ये पहिल्यांदा हे इन्सुलिन ज्याला टोचलं तो चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याच्या आधी या आजाराची पोरं उपाशी ठेवून जेवढी जगतील तेवढी जगवत. आज्जी ऐकून घेत होत्या. "म्हणजे आमच्या लहानपणी जी पोरं वाळून वाळून गेली," एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. पुढं घरात सवयीचा विषय त्यांनी काढला नाही, असं पोरगी सांगते.

मग आईच्या प्रश्नाकडे वळलो. ठेवू की नको? मी म्हटलं, "ताई, आज उत्तर द्यायचं तर नको. पण अजून वर्ष आहे. हे वर्ष धारवाडची तालीम म्हणून घालवूया. चुका व्हायच्या त्या तुम्ही हाकेच्या अंतरावर असताना होऊ देत."

मी दोन टोकं नेहमी बघते. काही घरांत पोर अठरा वर्षांचं होईपर्यंत सगळं आई करते आणि हॉस्टेलच्या दारात एकदम सगळं त्याच्या हाती देते. काही घरांत बारा वर्षांच्या पोराला "आता तू मोठा झालास, तुझं तू बघ" म्हणून सोडून देतात. दोन्हीकडं साखर बिघडते. काम तुकड्यातुकड्यानं सोडायला हवं, आणि सोडलेल्या कामाकडं काही दिवस लांबून बघत राहायला हवं.

पहिला तुकडा म्हणून मी सुई घेतली नाही, साठा घेतला. इन्सुलिन किती उरलंय, सुया किती, पट्ट्या किती, दुकानदाराला फोन कधी करायचा, हे सगळं आई डोक्यात ठेवत होत्या. ते पोरीच्या वहीत आलं. दुसऱ्याच महिन्यात पेनची कार्ट्रिज संपली आणि गावाजवळच्या दुकानात फक्त बाटली मिळाली. हे कुठल्याही हॉस्टेलमध्ये होऊ शकतं, म्हणून लिहिते. आपल्याकडं इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिटची असते, पेनमधलं साधारण १०० चं असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. बाटली ४० ची असेल तर सिरिंज ४० चीच लागते. अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो, एकीकडं कमी नाहीतर एकीकडं जास्त. पोरीनं दुकानातूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, बाटलीवरचं वाचून दाखवलं, विचारून घेतलं. आईला संध्याकाळी कळलं.

दुसरं, "किती आली?" बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. त्याऐवजी रविवारी संध्याकाळी अर्धा तास दोघींनी मशीनची मेमरी उघडून बसायचं. वही नाही, मेमरी. अट अशी की "का" विचारायचं नाही, "कधी" विचारायचं. कुठल्या वेळेला चढते, कुठल्या वेळेला उतरते, एवढंच बघायचं. पहिल्या रविवारी ३१२ दिसल्यावर आई उठून गोठ्यात गेल्या. म्हशीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या. पोरीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रागात नव्हती. "परत आली," असं म्हणाली.

दुपारच्या सुईसाठी कॉलेजात एका तरी माणसाला सांगणं भाग होतं. तिनं वर्गातल्या एका मैत्रिणीला निवडलं, जिच्याबरोबर ती बसनं येते. दहा दिवस ती माझ्याकडे येऊन नुसती वाक्यं घोकत होती. शेवटी बसमध्येच सांगून टाकलं. मैत्रीण म्हणाली, "मग डबा खाताना सांग की, मी आडोसा धरते." एवढंच. आता ती बाकावर बसून ओढणीआड पोटावर सुई घेते, अर्ध्या मिनिटाचं काम. एका मॅडमनाही सांगून ठेवलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, म्हणजे परीक्षेला साखर आणि मशीन जवळ ठेवायला आधीच लेखी विचारता येतं. लग्नाचं काय, हे आईंनी मला तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, ज्या घरात हे लपवून जायचं त्या घरात ती दुपारची सुई कुठं घेईल? त्यांनी उत्तर दिलं नाही, मीही ताणलं नाही.

साखर उतरण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी कुणालाच कमी करून सांगत नाही. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम सुटतो, सपाटून भूक लागते, बोलणं अडखळतं. तेव्हा लगेच साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात किंवा तशीच. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच. चॉकलेट किंवा बिस्किटानं हे काम लवकर होत नाही, त्यातल्या तुपातेलामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. पोरीनं साखरेच्या पुड्या दप्तरात, ओढणीच्या गाठीत, बसच्या पासच्या पाकिटात ठेवायला सुरुवात केली.

आता भाषेचं. घरी मराठी, शाळा मराठी, कन्नड शाळेत विषय म्हणून शिकलेली पण बोलायचा धीर नाही. धारवाडला रेक्टर, मेसवाले, रूममेट, सगळे बहुतेक कन्नड बोलणारे. आपल्याकडं भाषेचा विषय मनाला लागणारा आहे आणि तो मी इथं काढत नाही. पण साखर उतरली की जिभेला मराठीही नीट वळत नाही, तिथं कन्नड कुठून आठवणार? म्हणून दोन वाक्यं तिच्याकडून शंभरदा म्हणवून घेतली. "नन्गे शुगर इदे. बेग सक्करे कोडी." मला शुगर आहे, लवकर साखर द्या. तेच मराठी, कन्नड आणि इंग्रजीत एका कार्डावर लिहून ओळखपत्राच्या मागं घातलं. कन्नडमधली ओळ तिनं स्वतः लिहिली, अक्षर सुंदर आहे.

दिवाळीनंतर तालीम म्हणून तीन रात्री बेळगावातल्या वडगावला आत्याकडं. आई नाही. पहिल्या रात्री आईंनी चार फोन केले, दुसऱ्या रात्री दोन. दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमाराला पोरीला घामानं जाग आली. ६४ होती. तिनं साखर खाल्ली, बसून राहिली, परत बघितलं, ९६. मग दोन बिस्किटं खाऊन झोपली. सकाळी आत्याला सांगितलं, मग आईला. आत्या रागावल्या, "मला उठवलं का नाहीस?" आई माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मी सांगितलं, "आत्याला उठवायला हवं होतं हे खरं, ते तिला सांगूया. रात्री का उतरली हे डॉक्टरांना विचारूया. पण ताई, त्या रात्री तिनं सगळं बरोबर केलं, आणि तुम्ही तिथं नव्हता." डॉक्टरांनी रात्रीचा डोस बदलून दिला. त्या भेटीला पहिली दहा मिनिटं पोरगी एकटी आत होती.

गेल्या वर्षी ती धारवाडला गेली. वापरातलं पेन खोलीत, कपाटातल्या थंड कप्प्यात. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे असं टिकतं, पण आपापल्या पेनसोबतच्या कागदावर बघून घ्यावं. जादा साठा रेक्टरांच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नसतं. आईशी ठरलं होतं की रोज सकाळी आठच्या आत एक निरोप, फक्त "उठले". आकडा नाही.

सप्टेंबरात एका सकाळी निरोप आला नाही. आईंनी सव्वाआठला पोरीला फोन केला, उचलला नाही. आठ वीसला रेक्टरांना. मोडक्या कन्नडमध्ये त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, रेक्टर आणि दोन मुली धावत खोलीवर गेल्या. पोरगी आंघोळीला गेली होती. आख्ख्या मजल्यापुढं तिची झाली ती शोभा तिला फार लागली. आठवडाभर आईशी बोलली नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोघी माझ्याकडं आल्या, आणि पहिल्या दिवसासारख्याच बसल्या, एक खुर्चीच्या कडेवर, एक खिडकीकडं बघत.

पण या वेळी पोरगीच आधी बोलली. "आई घाबरते हे मला कळतं. पण मग कुणाला आधी फोन करायचा ते ठरवूया." वही काढली. एचबीएवनसी आता ८.१ आहे, अजून खाली यायला हवी, ते काम चालूच आहे. त्या दिवशी आम्ही फक्त तो कागद केला. आठला निरोप नाही तर साडेआठपर्यंत थांबायचं. मग पहिला फोन रूममेटला. हावेरीकडची मुलगी आहे, साखरेच्या पुड्या कुठं असतात हे तिला माहीत आहे. रूममेट मिळाली नाही तर रेक्टरांना.

पोरगी नंबर लिहीत होती. तिसरी ओळ रिकामी राहिली. आईंनी पेन मागून घेतलं आणि तिथं स्वतःचा नंबर लिहिला, धारवाडहून कुणाला घरी कळवायचं झालं तर.